नऊ वाजून चार मिनिटांची पाळी

पहिलं खोरं कुणी उचललं यावर आमच्या गावात अजून दोन पक्ष आहेत. मी तिथं हजर होतो, म्हणून मला कुणी विचारत नाही.

एप्रिलची पंधरा तारीख होती, सकाळचे नऊ वाजत आलेले. कालव्याच्या तीन नंबरच्या चारीच्या बांधावर मी छत्री उघडून उभा होतो. चारीला गुडघाभर पाणी होतं. डाव्या हाताला आनंदा पिसाळचा भुईमूग, उजव्या हाताला हिंदुराव कणसेचा भुईमूग. दोन्हीकडं शेंगा भरायचे दिवस. उन्हाळ्यातलं हे शेवटचं पाणी. त्यानंतर कालवा बंद होणार होता तो थेट पावसाळ्यापर्यंत. ज्याला आज पाणी मिळेल त्याच्या शेंगेत दाणा, ज्याला मिळणार नाही त्याच्या शेंगेत वारा. इतका सोपा हिशेब होता.

आनंदा आपल्या दंडाचं, म्हणजे रानात पाणी नेणाऱ्या पाटाचं, तोंड फोडायला वाकला, तेवढ्यात पलीकडून हिंदुराव आला. त्याच्याही खांद्यावर खोरं होतं.

"आनंदा, थांब की लेका. पाळी माझी हाय."

"तुझी? सकाळी सकाळी कुठं बसून आलास, हिंदुराव?"

"चिठ्ठी बघ. नऊ वाजून चार मिन्टं."

"मग माझी बी बघ. नऊ वाजून चार मिन्टं."

दोघांनी चिठ्ठ्या काढल्या आणि एकमेकांच्या नाकासमोर धरल्या. अशा वेळी माणूस आपली चिठ्ठी दाखवतो, दुसऱ्याची वाचत नाही.

"तुझी खोटी हाय."

"खोटी? तात्यांनी सोता छापल्यात. हे काय, हितंच हुबं हायत. तात्या, सांगा की ह्याला."

तात्या म्हणजे मी. दोघांनी माझ्याकडं पाहिलं. मी मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं. नऊ वाजून चार मिनिटं झाली होती.

"वेळ तर बरोबर आहे," मी म्हणालो.

तीस वर्षं मी एका साप्ताहिकात विनोदी सदर लिहिलं. त्यात इतकं निरुपयोगी वाक्य एकदाही छापून आलं नव्हतं.

हिंदुरावनं चिखलाचा एक गोळा ओढून आनंदाच्या दंडाचं तोंड बंद केलं. आनंदानं तो गोळा खोऱ्यानं उडवला. तो हिंदुरावच्या तोंडावर बसला, डोळ्यांत गेला. डोळे पुसता पुसता हिंदुरावनं खोऱ्याचा दांडा आनंदाच्या छातीत घातला. आनंदा मागं गेला, सावरला, आणि त्यानं खोऱ्याची पाठ हिंदुरावच्या गुडघ्यावर हाणली. हाड वाजलेलं मला छत्रीखाली ऐकू आलं. हिंदुराव एका पायावर नाचत शिव्या देत होता, आनंदा घसरून चारीत पडला होता, आणि उठायला म्हणून त्यानं सिमेंटच्या काठावर डावा हात टेकला.

खोरं त्या हातावर आलं.

आवाज ऊस तोडल्यासारखा झाला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काठावरच राहिलं, हात पाण्यात गेला. पाणी लाल झालं आणि लगेच स्वच्छ झालं. पाण्याला पुढं जायची घाई असते.

हिंदुराव आपल्या खोऱ्याकडं बघत राहिला. ते दुसऱ्या कुणाचं असावं असं.

"आनंदा," तो म्हणाला, "आनंदा, अरं..."

त्याचं वाक्य पुरं झालं नाही, कारण न्याहारी घेऊन आलेली आनंदाची बायको पारू बांधावर पोचली होती. तिनं फडक्यात बांधलेला डबा टाकला, नारळाएवढा दगड दोन्ही हातांनी उचलला आणि हिंदुरावच्या कपाळावर घातला. भुवई फाटून डोळ्यावर लोंबली.

"मुडद्या! माझ्या मालकाचा हात तोडलास? पिसाळवाडा येऊ दे, तुझी बोटीबोटी करत्यात बघ!"

पिसाळवाडा यायला वेळ लागला नाही. चारीवर भांडण झालं की आमच्याकडं गाव पायानं येत नाही, आरोळीवर बसून येतं.

ते येईपर्यंत चिठ्ठीचं सांगतो.

तीन नंबरच्या चारीचं पाणी ईश्वराअण्णा वाटायचा. तो आमचा पाटकरी, म्हणजे चारीवर कुणी कधी पाणी घ्यायचं ते बघणारा माणूस. वय सत्तर, अक्षरओळख नाही, घड्याळ नाही. चिखलात काठी रोवायची, सावलीच्या पुढं बोटानं रेघ मारायची, सावली रेघेवर आली की पाळी संपली. आणि चारीचं खोरं एकच. ज्याच्या हातात ते खोरं, त्याचं पाणी. पाळी संपली की त्यानं ते धुवायचं, स्वतः चालत जायचं आणि पुढच्याच्या हातात द्यायचं. जमिनीवर ठेवायचं नाही, लांबून फेकायचं नाही, पोराकरवी पाठवायचं नाही. घेणाऱ्यानं दोन्ही हातांनी घ्यायचं. भावाभावांत कोर्टात दावा चालू असला तरी खोरं हातात हात लागूनच द्यावं लागे. बोलायची सक्ती नव्हती.

ही पद्धत माझ्या आजोबांच्या आधीपासून चालत आली होती, आणि तिच्यात चारीवर कधी डोकं फुटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. इतका मागासलेपणा मला बघवेना.

मी नुकताच निवृत्त होऊन गावी आलो होतो. लिहिता-वाचता माणूस म्हणून पाणी संस्थेचा सचिव झालो. संस्थेला कुठल्याशा योजनेतून एक संगणक मिळाला होता आणि त्यावर टॉवेल घालून ठेवला होता. मी टॉवेल काढला. बाजारच्या गावात रेश्मा मुलाणी नावाची बाई संगणकाचा वर्ग चालवायची, तिच्याकडं दीड महिना गेलो. माझ्या बाकावर सातवीची मुलं बसत. ती मला आजोबा म्हणत आणि माझ्याआधी गणितं सोडवत. तरी मी शिकलो. दीड महिन्यानं मी माझ्या हातानं बारा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला.

त्यात काय होतं? कुणाचं किती गुंठे रान, त्यावरून त्याला किती मिनिटं पाणी. पाणी सहाला सुटणार. पहिल्याची मिनिटं सहात मिळवली की दुसऱ्याची वेळ, दुसऱ्याची मिळवली की तिसऱ्याची. आणि प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी छापायची: नाव, तारीख, सुरू व्हायची वेळ. संपायची वेळ मी छापली नाही. पुढचा आला की मागच्याची संपते, हे गावात शेळीलाही ठाऊक. हे सगळं गणित यंत्रानं बिनचूक केलं, हे मी आजही सांगतो.

चिठ्ठ्या आदल्या दिवशी सभेत वाटल्या. एकेकाला बोलवून, घडी करून, हातात. सगळ्यांची यादी फळ्यावर लावायची होती, पण प्रिंटरची शाई संपली. पहिल्या पाळीवाल्यानं आपली चिठ्ठी ईश्वराअण्णापुढं मोठ्यानं वाचली, "सहा वाजून चार मिन्टं."

अण्णा मागं भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "तात्या, पानी तर सहाला सुटतंय. ही चार मिन्टं कशाची?"

मला माहीत नव्हतं.

खरं सांगायचं तर मला चिठ्ठ्या छापतानाही तो प्रश्न पडला होता, पण सगळ्या चिठ्ठ्यांवर चार बघून मला वाटलं, यंत्राला काहीतरी कळत असणार. आता पंचवीस माणसं माझ्याकडं बघत होती. पंचवीस माणसं बघत असली की मला 'माहीत नाही' म्हणता येत नाही, हा माझा जुना रोग.

"अण्णा," मी म्हणालो, "कालव्याच्या दारातून सुटलेलं पाणी दंडाच्या तोंडाशी काय उडी मारून येतं? त्याला वाट चालायला वेळ लागतो की नाही? तो यंत्रानं धरलाय."

सभेत 'वाऽ' झालं.

"पर सगळ्यांस्नी चारच?" अण्णा म्हणाला. "दाराजवळच्याला बी चार, अन् टोकाच्याला बी चार?"

"अण्णा, यंत्र भेदभाव करत नाही."

सभा खदाखदा हसली. आनंदा आणि हिंदुराव शेजारी बसले होते. हिंदुराव हसता हसता आनंदाच्या पाठीत थाप मारत होता. अण्णाही हसला, जरा उशिरा. विनोद बरा बसला की ऐकणारा खरंखोटं तपासत नाही. माझं घर तीस वर्षं त्यावरच चाललं होतं.

त्याच सभेत एकमतानं ठराव झाला की यापुढं चिठ्ठी हाच अधिकार, आणि ज्यानं त्यानं आपापलं खोरं आणावं. चारीचं जुनं खोरं मी संस्थेच्या भिंतीवर खिळ्याला लावलं, त्याला झेंडूचा हार घातला आणि खाली पाटी लावली: 'आपला वारसा'. माणूस जिवंत असताना हार घालू नये म्हणतात. खोऱ्याबद्दल कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

म्हणून त्या सकाळी चारीवर दोन खोरी होती.

दहाच्या सुमाराला चारीवर दोनशे माणसं असतील. पिसाळ जास्त, कणसे कमी. पण कणसेंनी लोखंडी गज आणले होते. हिंदुरावच्या चुलतभावाचा पाय मधल्या बांधावर मोडला. तो मोडताना मी पाहिला, दोघांनी धरला होता आणि तिसऱ्यानं दगड घातला होता. एका पिसाळाचा कान अर्धा लोंबत होता. हिंदुरावची मोटारसायकल पेटवून चारीत ढकलली; ती पाण्यात पडल्यावरही थोडा वेळ जळत राहिली. आनंदाला जीपमध्ये घालून तालुक्याला नेलं. बोटं पारूनं न्याहारीच्या डब्यात घातली होती. डॉक्टरांनी पुढं सांगितलं, उपयोग नाही. डबा परत आला.

हिंदुरावला पिसाळांनी चारीच्या लोखंडी दाराला दाव्यानं बांधलं होतं. एक डोळा बंद, गुडघा भोपळ्याएवढा, तोंडातून लाळ आणि रक्त. त्याच्या डोक्याशी आनंदाचा थोरला भाऊ भगवान कुऱ्हाड घेऊन उभा होता. समोरच्या बांधावर कणसे गज घेऊन उभे. मधून पाणी वाहत होतं, सरळ खाली ओढ्याला. दोन्ही भुईमूग कोरडे होते.

"एकच सांगा," भगवान म्हणाला. "पाळी कुनाची हुती? आनंदाची असंल तर ह्याचे दोन्ही हात हितंच तोडतो. दोन बोटांच्या बदली दोन हात."

"अन् हिंदुरावची असंल तर?" पलीकडून कणसेंचा म्हातारा ओरडला. "तर तुमचं एक घर हुबं ठिवत न्हाई! पाळीवर येऊन अडवत हुता तुमचा आनंदा!"

"तात्यांस्नी इचारा!"

"तात्या, पाळी कुनाची?"

मला बांधावरून ओढत आणलं. छत्री कुठं गेली कळलं नाही. पारूनं कमरेला खोचलेली आनंदाची चिठ्ठी काढून माझ्या हातात कोंबली. ती रक्तानं चिकट झाली होती. दुसरी चिठ्ठी भगवाननं हिंदुरावच्या खिशातून काढली. आनंदा: नऊ वाजून चार. हिंदुराव: नऊ वाजून चार.

"दोन्ही सारख्या आहेत," मी म्हणालो.

"म्हंजी ह्यानं खोटी छापून आनली!" भगवाननं कुऱ्हाड वर घेतली.

"न्हाई वो!" हिंदुराव दाव्यात तडफडला. "तात्या, तुमीच दिलीसा! माझ्या हातात दिलीसा! सांगा की! तात्या, पोरं हायत माझी!"

"थांब भगवान," ईश्वराअण्णा म्हणाला. तो गर्दीतून वाट काढत पुढं आला. त्याच्या हातात आणखी तीन चिठ्ठ्या होत्या, सकाळच्या तीन पाळीवाल्यांकडून मागून आणलेल्या. त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं त्या माझ्यापुढं धरल्या. "ह्या वाचा, तात्या. मोठ्यानं."

मी वाचल्या. सहा वाजून चार. सात वाजून चार. आठ वाजून चार.

"सगळ्यांस्नी चार," अण्णा म्हणाला. "एकाचं रान सत्तर मिन्टाचं, एकाचं पन्नास मिन्टाचं. अन् सुरू सगळी चारवरच. आसं कसं जमतं, तात्या? मी सभेतच इचारलं हुतं."

पाचही चिठ्ठ्या माझ्या हातात होत्या. मी वेळ पुन्हा वाचली. मग वेळेच्या वर तारीख होती ती वाचली. पंधरा, चार.

ती चार मिनिटं नव्हती. तो एप्रिल होता.

मिनिटं छापायच्या जागी मी यंत्राकडं महिना मागितला होता. बारा ओळींतल्या अकराव्या ओळीत. आणि यंत्रानं निमूटपणे महिना दिला होता, प्रत्येक चिठ्ठीवर, सगळ्यांना सारखा. यंत्र भेदभाव करत नाही. आत गणित बरोबर होतं: आनंदाची पाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, हिंदुरावची नऊ पंचावन्नला. बाहेर छापताना दोघांनाही नऊ आणि एप्रिल.

भगवानची कुऱ्हाड वरच होती.

"यंत्र बिघडलंय," मी म्हणालो.

एवढंच म्हणालो. आणि मला फार हलकं वाटलं, कारण कुऱ्हाड खाली आली.

"यंत्र?"

"यंत्रानं चुकीची वेळ छापली."

"यंत्र चालवायला कुनी शिकवलं?" कणसेंच्या बाजूनं कुणीतरी विचारलं.

"त्या मुलाणीच्या बाईनं! बाजारात क्लास हाय तिचा!"

"तिनंच कायतरी घालून दिलं आसंल आत!"

"आपल्या गावात आग लावून दिली बघा बाईनं!"

"चला रं! क्लासच फोडू!"

पिसाळ आणि कणसे सकाळपासून पहिल्यांदा एका गोष्टीवर सहमत झाले होते. दोघं पिसाळ एका कणसेच्या मोटारसायकलवर बसले. गज असलेल्यानं गज शर्टात घातला. कुणीतरी रॉकेलच्या कॅनचं विचारलं. रेश्माबाई त्या वेळी सातवीच्या मुलांना बेरजा शिकवत असणार होत्या.

ईश्वराअण्णा माझ्याकडं बघत होता. सभेत उशिरा हसण्याआधी बघत होता तसाच.

"थांबा," मी म्हणालो.

कुणी ऐकलं नाही. मोटारसायकल सुरू झाली. मी चारीत उतरलो, पलीकडं चढलो आणि चाकापुढं उभा राहिलो.

"थांबा! बाईंनी बरोबर शिकवलं होतं. चूक माझी आहे. यंत्र चांगलंय. मिनिटांच्या जागी मी महिना छापला."

"म्हंजी?"

"म्हणजे... तुमच्या चिठ्ठ्यांवर चार मिनिटं नाहीत. चौथा महिना आहे. एप्रिल आहे."

कुणाला काही कळलं नाही. मग मागच्या एका पोरगेल्या पिसाळाला कळलं आणि तो फिसकन हसला. त्याला कुणी मारलं नाही. त्याच्या हसण्यानं सगळ्यांना कळलं, एवढंच.

"अन् सभेत?" अण्णा म्हणाला. "पानी वाट चालतंय म्हनाला हुता ते?"

"ते मी खोटं बोललो. मला माहीत नव्हतं."

पारू पुढं आली. तिच्या हातात नवऱ्याचं खोरं होतं. ती माझ्याशी नेहमी पदर सावरून बोलायची. आज पदर कमरेला खोचला होता.

"तात्या, म्हंजी माझ्या मालकाची बोटं एप्रिलापायी गेली?"

मला एकच शब्द बोलायचा होता.

"होय," मी म्हणालो.

तिनं दांडा माझ्या डाव्या कानावर घातला. आवाज आधी आला, दुखणं मागून. त्या कानानं मला तेव्हापासून ऐकू येत नाही. सभांना मी आता त्या बाजूला अध्यक्षांना बसवतो. दुसरा फटका तोंडावर आला आणि पुढचे तीन दात चिखलात गेले. मग मी खाली होतो, आणि ती एकटी नव्हती. पिसाळांनी लाथा घातल्या, कणसेंनी घातल्या. दोघांच्या चपला मला जवळून बघायला मिळाल्या. बरगडी मोडताना वाळकं चिपाड मोडल्यासारखी मोडते. कुणीतरी म्हणालं, "लिहा आता ह्यावर!" आणि पुन्हा पोटात लाथ घातली. मी ओरडलो असेन. मला माझा आवाज एकाच कानानं येत होता.

मग लाथा थांबल्या. डोळे उघडले तर माणसं बाजूला होत होती.

ईश्वराअण्णा मध्ये उभा होता. लाथा चालू असताना तो संस्थेत जाऊन आला होता. त्याच्या हातात भिंतीवरचं चारीचं खोरं होतं. दांड्यात झेंडूचा हार तसाच अडकलेला, पाटीचा दोरा लोंबतोय.

"तात्या," तो वाकून म्हणाला, "हिकडं बघा. खरी पाळी कुनाची?"

"आनंदाची," मी म्हणालो. दातांच्या जागेतून हवा जात होती. "नऊ दहाची. पंचेचाळीस मिनिटं. मग हिंदुरावची."

"ऐकलंसा?" अण्णानं दोन्ही बांधांकडं पाहिलं. "आधी आनंदा, मागनं हिंदुराव. दोघांचं बी पानी व्हतं. दोघांचं बी दीड तास वढ्याला गेलं, अन् तुमी हितं माणसं कापत बसलाय."

त्यानं हार काढून चारीत टाकला. बाभळीची काठी चिखलात रोवली, सावलीपासून अंदाज घेत पुढं बोटानं रेघ मारली. मग तो पारूपुढं गेला आणि खोरं पुढं केलं.

"आनंदाची पाळी. धर, पोरी."

"अण्णा, माझा मानूस दवाखान्यात पडलाय!"

"व्हय. अन् त्येचं रान हितं वाळतंय. तो आल्यावं काय दावशील त्याला?"

भगवान म्हणाला, "पारू, न्हाई घ्यायचं. आधी ह्याचा निकाल लावू."

पारूनं त्याच्याकडं पाहिलं. मग नवऱ्याचं खोरं, ज्यानं मला मारलं होतं ते, तिनं बांधावर टाकलं आणि चारीचं खोरं दोन्ही हातांनी घेतलं.

ती एकटीच पाण्यात उतरली. दंडाचं तोंड फोडलं. पाणी आनंदाच्या भुईमुगात शिरलं. वाफा भरला की त्याचं दार, म्हणजे पाणी आत घ्यायचं तोंड, मातीनं बुजवायचं, दुसऱ्याचं फोडायचं, पळत पुढच्या वाफ्याला जायचं. दोन माणसांचं काम ती एकटी करत होती. रक्ताचे हात चिखलानं माखले, पाण्यानं धुतले, पुन्हा माखले. कुणी मदतीला गेलं नाही. पाळीवाल्याच्या रानात बोलवल्याशिवाय पाय टाकायचा नाही, हाही चारीचा जुना कायदा, आणि तो अचानक सगळ्यांना आठवला होता. दोन्ही बांधांवर दोनशे माणसं गज, दगड, कुऱ्हाडी घेऊन एका बाईला दारं धरताना बघत उभी होती. फौजदाराची जीप आली तेव्हा त्यालाही अण्णानं हातानं थांबवलं. तोही शेतकऱ्याचा पोर असावा, थांबला.

"ह्याला सोडा," मध्येच अण्णा म्हणाला. "पाळी जवळ आली त्याची."

"सोडा?" भगवान म्हणाला.

"बांधलेल्या हातानं खोरं घेता येत न्हाई."

कुणीतरी दावं सोडलं. हिंदुराव दाराला टेकून खाली बसला. त्याला उभं राहता येत नव्हतं. उघड्या डोळ्यानं तो पारूच्या वाफ्यातल्या पाण्याकडं बघत होता.

सावली रेघेवर आली. अण्णानं हाक मारली नाही, नुसता हात वर केला.

पारूनं शेवटचं दार बंद केलं. आनंदाचे चार वाफे राहिले होते. तिनं त्यांच्याकडं एकदा पाहिलं. मग खोरं चारीत बुडवून धुतलं, पातं हातानं चोळून, आणि चारी चढून हिंदुरावच्या दिशेनं निघाली.

माणसं मागं सरली. भगवाननं कुऱ्हाड दोन्ही हातांत धरली. कणसेंचे गज वर झाले. हिंदुरावची बायको कुठूनतरी किंचाळली. पारू हिंदुरावपुढं येऊन उभी राहिली. तो खाली बसलेला, ती त्याच्यावर, आणि खोऱ्याचं पातं त्याच्या डोक्याच्या वर. मी डोळे मिटले नाहीत. त्या दिवशी मला कशापासूनही डोळे मिटायचा हक्क राहिला नव्हता.

हिंदुरावनं मान खाली घातली. मारणार आहे असं धरून.

पारूनं खोरं आडवं केलं आणि दांडा त्याच्यापुढं धरला.

"घ्या, भावजी," ती म्हणाली. "रान वाळंल."

त्याचे हात वर येईनात. ती तशीच उभी राहिली. खोरं जमिनीवर ठेवायचं नसतं. शेवटी हिंदुरावनं दोन्ही हात वर केले आणि खोरं घेतलं, तिच्या हाताला हात लागून.

मी चिखलात पडल्या पडल्या मनगट डोळ्यांशी आणलं. घड्याळाची काच फुटली होती, पण काटे चालत होते. पारूनं खोरं घेतलं होतं तेव्हाही मी पाहिलं होतं. पंचेचाळीस मिनिटं झाली होती. ना एक कमी, ना चार जास्त.